बेडसाईड सोडून होम केअरमध्ये सुपरवायझर व्हायचंय? नाशिकमधल्या सिस्टर-ब्रदर लोकांसाठी सगळ्या पायऱ्या

वॉर्ड किंवा आयसीयूत बरीच वर्षं काढली, नाईट करून करून वैताग आलाय, इन्चार्ज व्हायची रांग काही पुढे सरकत नाही आणि कोणीतरी कानावर घातलंय की होम केअरमध्ये जा, तिकडे सुपरवायझर होता येतं, तर हे तुमच्यासाठीच लिहितेय. मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलेली, आधी आयसीयू, मग होम केअरच्या व्हिजिट आणि आता टीम सांभाळते. मी आले तेव्हा नाशिकमध्ये हे काम नक्की कसं चालतं ते नीट सांगणारं कोणी नव्हतं, ज्याला विचारावं तो म्हणायचा “ब्युरोत नाव टाक, काम मिळेल”.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. सुपरवायझरचं काम म्हणजे रात्री दोन वाजता पाथर्डी फाट्याच्या एखाद्या फ्लॅटमध्ये पेशंटजवळ एकटी बसलेली नवीन मुलगी, तुम्ही तिथे नसताना, बरोबर तेच करेल याची सोय आधीच करून ठेवणं. खाली असेसमेंट, फाईल, रोस्टर असं जे काही आहे ते सगळं यासाठीच आहे. आणि ज्यांना वाटतंय की खुर्ची मिळेल, एसी मिळेल, रात्री शांत झोप मिळेल, त्यांनी जरा थांबा. नाईट ड्युटी जाते, नाईटचे फोन येतात.

१. आधी बघा हे काम देतं कोण

नाशिकमध्ये ढोबळ दोन प्रकार आहेत. पहिला नर्सिंग ब्युरो. पार्टीचा म्हणजे पेशंटच्या घरच्यांचा फोन आला, मावशी नाहीतर सिस्टर पाठवली, महिन्याचे पैसे घेतले, आपलं कमिशन कापलं, विषय संपला. सगळे ब्युरो वाईट नसतात, काही खूप प्रामाणिक आहेत, पण तिथे क्लिनिकल असं फार कमी घडतं. दुसरा प्रकार म्हणजे क्लिनिकल होम केअर, जिथे डॉक्टर जोडलेले असतात, फिजिओ असतो, केअर प्लॅन लिहिला जातो, कोणीतरी पेशंटला नियमित बघून येतं. सुपरवायझर या पदाला खरा अर्थ इथेच आहे.

पहिल्या प्रकारच्या एका ठिकाणी मी काम केलंय. कार्डावर मोठ्या अक्षरात नर्सिंग सुपरवायझर, आणि प्रत्यक्षात दिवसभर फोनवर मुली शोधायच्या आणि कोणी आलं नाही की संध्याकाळी आपणच डबा घेऊन ड्युटीला जायचं. म्हणून मुलाखतीत सरळ विचारा, पेशंटचं पहिलं असेसमेंट कोण करतं? उत्तर “फोनवरच होतं” असं आलं तर समजून जा.

नाशिकमध्ये पेशंट कोण असतात तेही माहीत हवं. नाशिकरोडला प्रेसमधून रिटायर झालेले, ओझरला एचएएलमधले, देवळालीला लष्करातले आणि गंगापूर रोड-कॉलेज रोडला मुलं पुण्यात, बंगळुरात नाहीतर अमेरिकेत असलेली आई-वडिलांची घरं. पॅरालिसिस, खुब्याचं फ्रॅक्चर, कॅन्सर, डिमेन्शिया, आयसीयूतून ट्रॅकी (श्वासासाठी गळ्यात बसवलेली नळी) घेऊन घरी आलेले. शिवाय निफाड, सिन्नर, दिंडोरीकडचे पेशंट इथल्या हॉस्पिटलमधून डिस्चार्ज होऊन गावी जातात, तिथे रोज माणूस पाठवणं कठीण, पण आठवड्याची व्हिजिट आणि घरच्यांना शिकवणं होऊ शकतं आणि हे काम अजून फार कोणी नीट करत नाही. संधी आहे, बघा.

२. कागदपत्रं एका फाईलमध्ये लावा

हे लागतंच लागतं:

- महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, चालू तारखेचं. दर पाच वर्षांनी रिन्यू करावं लागतं आणि त्यासाठी सीएनईचे म्हणजे नोकरीत असताना केलेल्या शिक्षणाचे क्रेडिट लागतात
- एनआरटीएसची (देशभरातल्या नर्सची ऑनलाईन नोंद) नोंदणी आणि तिथला एनयूआयडी नंबर
- जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंगची मार्कशीट, सर्टिफिकेट
- प्रत्येक हॉस्पिटलचं अनुभव पत्र
- बीएलएस (जीव वाचवायच्या प्राथमिक उपचारांचं) सर्टिफिकेट, दोन वर्षं चालतं, संपलं असेल तर आधी ते करा
- पोलीस व्हेरिफिकेशन, अर्ज ऑनलाईन होतो. पत्ता शहरात असेल तर शहर पोलीस, सिन्नर-दिंडोरीकडचा असेल तर नाशिक ग्रामीण
- आधार, पॅन, बँक पासबुक, पीएफचा यूएएन
- टू-व्हीलरचं लायसन्स. हसू नका, या कामात स्टेथोस्कोपइतकीच गाडी लागते

यात दोन ठिकाणी लोक अडकतात. अनुभव पत्रावर नुसतं “स्टाफ नर्स म्हणून काम केले” एवढंच लिहून मिळतं, त्याचा काही उपयोग नाही. विभाग लिहून घ्या, किती बेडचा आयसीयू, व्हेंटिलेटर पेशंट बघितले का, शिफ्ट इन्चार्ज होतात का, नवीन स्टाफला शिकवलं का. मेट्रनना हात जोडा, चहा पाजा, पण लिहून घ्या, कारण पुढे सुपरवायझरसाठी तोच कागद बघितला जातो. आणि दुसरं, ओरिजनल सर्टिफिकेट कोणाकडेही “डिपॉझिट” म्हणून ठेवायची नाहीत. ओरिजनल दाखवायची, झेरॉक्स द्यायची आणि ओरिजनल घरी आणायची. मुली ओरिजनल देऊन बसतात आणि नोकरी सोडायची म्हटलं की महिनोन्महिने चकरा मारतात.

३. थेट खुर्चीवर बसू नका, आधी घरी जाऊन काम करा

आयसीयूत कितीही हुशार असलात तरी निदान काही महिने स्वतः होम व्हिजिट करा. कमी पगारात का होईना. कारण घर हे वेगळंच प्रकरण आहे. हाक मारली की आरएमओ (ड्युटीवरचा डॉक्टर) येत नाही, भिंतीतून ऑक्सिजन येत नाही, क्रॅश कार्ट (इमर्जन्सीच्या औषधांची ट्रॉली) नाही, शेजारच्या बेडवरची सिस्टर नाही. उलट सासूबाई, जाऊबाई, मुंबईहून आलेले मामा असे चार जण तुमच्या हाताकडे बघत असतात आणि प्रत्येकाने गूगल केलेलं असतं.

हात कशावर बसला पाहिजे ते सांगते. आरटी फीड (नाकातल्या नळीने अन्न देणं), डोकं ३० ते ४५ अंश वर आणि फीडनंतर अर्धा-पाऊण तास तसंच. फोलीज कॅथेटरची (लघवीच्या नळीची) काळजी, ट्रॅकीचं सक्शन (मशीनने कफ ओढून काढणं) आणि इनर ट्यूब साफ करणं, बेडसोरचं ड्रेसिंग, दर दोन तासांनी कूस बदलणं, इन्सुलिन आणि साखर ७० च्या खाली गेली तर काय करायचं. हे सगळं तुम्हाला येतंच. येत नसतं ते मशीनचं.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर घ्या. हॉस्पिटलात आपण याच्याकडे बघतही नाही. घरी गेल्यावर बघायचं की मशीन भिंतीला चिकटून ठेवलंय का, मागचा फिल्टर शेवटचा कधी धुतला, बाटलीत डिस्टिल्ड पाणी आहे की नळाचं, नळी पलंगाच्या पायाखाली चेमटलीय का. ५ लिटरचं मशीन साधारण ३५० वॅट ओढतं, घरातला जुना इन्व्हर्टर ते किती वेळ चालवेल हे घरच्यांना कधीच माहीत नसतं, आणि महावितरणचा मेंटेनन्स शटडाऊन असला की मग पळापळ. म्हणून एक बी टाईप सिलेंडर भरून ठेवायचाच. पूर्ण भरलेल्या बी टाईपमध्ये साधारण १५०० लिटर असतो, म्हणजे २ लिटरने लावला तर बारा तासांच्या आसपास, ५ लिटरने लावला तर फक्त पाच तास, हा हिशोब तोंडपाठ पाहिजे. सिलेंडरची चावी दोरीने सिलेंडरलाच बांधा, कारण नेमक्या वेळी ती देवघराच्या खणात, टीव्हीच्या मागे, कुठेही असते. आणि देवघरावरून आठवलं, ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत समई, निरांजन, उदबत्ती काही नको. हे सांगताना खूप गोड बोलावं लागतं, आजींना वाईट वाटतं, “देवाला दिवा नको का” म्हणतात. दिवा बाहेरच्या खोलीत, असं सांगा, ऐकतात.

घराची पद्धतही याच काळात कळते. चप्पल कुठे काढायची, स्वयंपाकघरात गेलेलं चालतं का, डब्यात अंडं चालेल का. क्षुल्लक वाटतं पण निम्म्या तक्रारी इथूनच येतात, ड्रेसिंगबद्दल क्वचितच.

४. असेसमेंट: सुपरवायझरची खरी परीक्षा

यासाठी सगळ्यात जास्त वेळ द्या. पहिली व्हिजिट शक्यतो डिस्चार्जच्या आधी हॉस्पिटलमध्ये आणि मग घरी, दोन्ही.

घरी गेल्यावर पेशंटकडे जायच्या आधी जिना बघा. पंचवटीतल्या जुन्या वाड्यात, सिडकोतल्या एकावर एक मजले चढवलेल्या घरांत जिना इतका अरुंद असतो की स्ट्रेचर वळत नाही. रात्री पेशंट बिघडला तर १०८ येईल हो, पण पेशंट खाली कसा आणणार? चादरीत, खुर्चीत, कोण उचलणार, शेजारचा कोणता दादा येईल, त्याचा नंबर काय, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवायचं. लिफ्ट असेल तर स्ट्रेचर मावतं का, लाईट गेल्यावर लिफ्ट चालते का. मग खोली, पलंगाच्या दोन्ही बाजूंनी उभं राहता येतं का, बाथरूमला उंबरा आहे का, फरशी घसरडी आहे का.

मग पेशंट. वायटल्स (नाडी, बीपी, ताप, श्वास), शुद्धी, गिळणं, त्वचा. पाठ, टाचा, माकडहाड, पेशंटला स्वतः कुशीवर वळवून बघा, घरचे म्हणतात “काही नाही हो, थोडं लाल झालंय” आणि तिथे हाताच्या पंजाएवढा बेडसोर असतो. पहिल्याच दिवशी परवानगी घेऊन फोटो आणि माप, नाहीतर नंतर तो तुमच्या स्टाफच्या नावावर लागतो, याबाबतीत भोळेपणा नको. ब्रॅडन स्केल भरा, ६ ते २३ असे मार्क असतात आणि १८ किंवा कमी म्हणजे बेडसोरचा धोका. पडण्याचा धोका वेगळा भरा.

मग औषधं. डिस्चार्ज कार्ड एका हातात आणि घरातला औषधांचा डबा दुसऱ्या हातात. एकच बीपीची गोळी दोन वेगवेगळ्या कंपनीच्या नावाने दोनदा चालू असते, हे इतक्या वेळा बघितलंय की आता मी तेच आधी शोधते. फॅमिली डॉक्टरांची जुनी चिठ्ठी आणि हॉस्पिटलची नवी चिठ्ठी दोन्ही चालू. लगेच डॉक्टरांना फोन, आपल्या मनाने कुठलीही गोळी बंद करायची नाही.

आणि माणसं. निर्णय कोण घेतं, पैसे कोण देतं, आणि रात्री फोन कोण उचलतं, ही तीन माणसं बहुतेक वेळा वेगवेगळी असतात. अमेरिकेतला मुलगा पैसे देतो, नाशिकमधली मुलगी धावपळ करते, निर्णय मात्र काका घेतात. तिघांचेही नंबर घ्या.

हे सगळं झालं की ठरवायचं की इथे नर्स लागेल, जीडीए (नर्सच्या हाताखालचा शिकलेला मदतनीस) चालेल की केअरटेकर मावशी पुरेशी आहे. सगळ्यात मोठा सापळा इथे आहे. ट्रॅकीचा पेशंट, आणि घरचे म्हणतात “सिस्टर परवडत नाही, एखादी हुशार मावशी द्या, आम्ही शिकवू तिला सक्शन”. ऑफिसमधूनही दबाव येतो, केस हातची जाऊ देऊ नका म्हणून. नाही म्हणायचं. फार तर दिवसा नर्स आणि रात्री घरच्यांपैकी एकाला सक्शन नीट शिकवून, त्याच्याकडून करवून घेऊन, सही घेऊन, असा मार्ग काढा. इंजेक्शनने द्यायच्या नवीन अँटिबायोटिकचा पहिला डोस घरी द्यायचा नाही, तो हॉस्पिटलमध्ये, रिॲक्शन आली तर घरी तुमच्याकडे काय आहे? अशी “घरी करायचं नाही” यादी लेखी बनवा आणि डॉक्टरांची सही घ्या, मग भांडण तुमचं एकटीचं राहत नाही.

५. पेशंटच्या घरी राहणारी फाईल

साधी प्लास्टिकची फाईल, पलंगाजवळ खिळ्याला टांगलेली. ॲप असलं तरी फाईल हवीच, फोनची बॅटरी संपते. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात पेशंटचं नाव, वय, आजार, ॲलर्जी, डॉक्टरांचा नंबर, कोणत्या हॉस्पिटलला न्यायचं, १०८, तुमचा नंबर. मग औषधांचा चार्ट, वायटल्स, इनटेक-आऊटपुट, कूस बदलल्याची वेळ, ओव्हरचं म्हणजे शिफ्ट बदलताना द्यायच्या माहितीचं पान. आणि एक पान फक्त “कधी फोन करायचा” यासाठी, पेशंटप्रमाणे आकडे लिहून, म्हणजे सॅच्युरेशन किती खाली, बीपी किती वर, साखर किती, लघवी किती तासांत झाली नाही तर. “बरं वाटलं नाही तर कळवा” असं लिहिलंत तर नवीन मुलगी सकाळपर्यंत वाट बघते, कारण एवढ्या रात्री मॅडमना कशाला उठवायचं असं तिला वाटतं.

फोनवर कसं बोलायचं हेही शिकवा. “सर, आजींना बरं नाहीये” याच्यावर डॉक्टर काय करणार? असं सांगायला लावा: “सर, गंगापूर रोडच्या पॅरालिसिसच्या आजी, वय ७८, आरटी फीडवर. दुपारी फीडनंतर खोकला आला होता, आता ताप १०१, सॅच्युरेशन रोज ९६ असतं ते ९१ आहे. ॲस्पिरेशनची (फीड श्वासनलिकेत गेल्याची) शंका वाटतेय. फीड थांबवलंय, डोकं वर केलंय. हॉस्पिटलला हलवू का?” आपण शिकलो तोच एसबीएआर (परिस्थिती, पार्श्वभूमी, आपल्याला काय वाटतं, काय हवंय). पहिल्या आठवड्यात प्रत्येक स्टाफकडून दोनदा तरी खोटा खोटा फोन करवून घ्या, लाजतात, पण खरी वेळ आली की नीट बोलतात. डॉक्टरांनी फोनवर सांगितलेली ऑर्डर तारीख, वेळ, नाव टाकून लिहायची आणि व्हॉट्सॲपवर डॉक्टरांकडून मेसेज मागायचा.

व्हॉट्सॲपवरून एक. पेशंटच्या जखमेचे, डायपरचे फोटो स्टाफच्या ग्रुपवर फिरवायचे नाहीत. डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा २०२३ साली झालाय, आणि कायदा बाजूला ठेवला तरी आपल्या आईचा फोटो असा फिरला तर आवडेल का.

सुया आणि ब्लेड घरच्या कचऱ्यात, घंटागाडीत जाता कामा नयेत, घंटागाडीवरचा कामगार हाताने कचरा वेगळा करतो. जाड, सुई आरपार न जाणारा डबा द्या, भरला की ऑफिसला परत आणा आणि ऑफिसचा बायोमेडिकल वेस्टचा करार आहे की नाही हे जॉईन होतानाच विचारा.

६. घरी मृत्यू झाला तर

याबद्दल कोणी शिकवत नाही म्हणून वेगळं लिहितेय. कॅन्सरचे, खूप वयाचे पेशंट घरीच जातात, आणि स्टाफ घाबरून जातो. मृत्यू घोषित करायचं काम डॉक्टरांचं, नर्सने करायचं नाही. डॉक्टर येऊन बघेपर्यंत नळ्या काढायच्या नाहीत, वेळ आणि वायटल्स लिहून ठेवायच्या. घरी झालेल्या मृत्यूला उपचार करणारे डॉक्टर फॉर्म ४-ए देतात, तो अमरधामला (स्मशानात) आणि दाखल्याला लागतो, नोंदणी २१ दिवसांच्या आत करायची. म्हणून शेवटच्या टप्प्यातला पेशंट घेतानाच घरच्यांना विचारून ठेवा की रात्री-अपरात्री येऊन सर्टिफिकेट देणारे डॉक्टर कोण. पडून किंवा अचानक काही संशयास्पद झालं असेल तर मात्र पोलिसांना कळवल्याशिवाय पुढे काहीच नाही, नातेवाईक कितीही घाई करू देत.

आणि त्या वेळी ड्युटीवर असलेल्या मुलीला दुसऱ्या दिवशी लगेच नवीन केस देऊ नका.

७. रोस्टर, म्हणजे जिथे सुपरवायझर रडतो

सकाळी आठला ड्युटी बदलते, सात चाळीसला फोन येतो “मॅडम मला ताप आलाय”. आता? यासाठी दर पाच-सहा केसमागे एक बदली माणूस पगारावर हवाच, हे मालकांना पटवणं तुमचं काम. पटत नसेल तर तो बदली माणूस तुम्हीच आहात असं समजा.

घर आणि केस जवळ ठेवा. जेलरोडची मुलगी रात्री आठला सातपूरला पोचवायची म्हणजे बस, रिक्षा, अंधार, सगळंच आलं. आपला बराच स्टाफ सुरगाणा, पेठ, कळवण आणि खानदेशातून आलेला आहे, त्यामुळे दिवाळी तर आहेच पण आखाजीलाही (अक्षय्य तृतीयेला) मुली माहेरी जातात, लग्नसराईत तर विचारूच नका. सुट्ट्यांचा तक्ता महिनाभर आधी भरून घ्या. २०२७ ला सिंहस्थ आहे, पर्वणीच्या दिवसांत पंचवटी-रामकुंडाकडचे रस्ते बंद राहणार, तेव्हा त्या भागातल्या पेशंटकडे तिथेच राहणारा स्टाफ, निदान तीन-चार दिवसांची औषधं आणि भरलेले सिलेंडर आधीच पोचवायची योजना आतापासून डोक्यात ठेवा.

चोवीस तासांची ड्युटी शक्यतो घेऊच नका. घेतली तर झोपेचे तास लेखी ठरवा, माणूस मशीन नाहीये.

मुलींची सुरक्षितता. पहिल्या दिवशी तुम्ही स्वतः सोबत जा. आतून कडी लागणारी जागा, बाथरूम, पाणी, घरात रात्री कोण कोण असतं, हे बघा. पेशंट किंवा नातेवाईक वेडंवाकडं वागला तर त्याच दिवशी स्टाफ बाहेर, केस गेली तर गेली. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात कामाच्या ठिकाणाच्या व्याख्येत घरही येतं, दहा किंवा जास्त माणसं असतील तर संस्थेला अंतर्गत समिती नेमावीच लागते. हे तुमच्या मालकांना माहीत नसेल तर तुम्ही सांगा.

८. पैसे, करार, मेडिक्लेम

हे आपल्याला नर्सिंग कॉलेजात शिकवलेलं नसतं आणि बोलायलाही लाज वाटते. तरी बोला. करारात काय येतं आणि काय येत नाही ते स्वच्छ लिहा, म्हणजे ड्युटीचे तास, जेवण कोणाचं, सामान कोणाचं, बदली माणूस किती वेळात मिळेल, हॉस्पिटलला ॲडमिट झाले तर त्या दिवसांचं काय. धुणीभांडी, घरातली पोरं सांभाळणं हे काम नाही, हेही लिहा, कारण दोन आठवड्यांनी “तेवढी भाजी निवडून देतेस का गं” सुरू होतं.

तुमचा स्टाफ पार्टीने थेट ठेवून घेणं हा इथला जुनाच रोग आहे. करारात कलम टाका, पण मुलींना वेळेवर आणि नीट पगार दिला तर त्या जात नाहीत, हा माझा अनुभव. पगार दहा तारखेनंतर करणाऱ्या संस्थेत सुपरवायझर होऊ नका, शिव्या तुम्ही खाल.

मेडिक्लेमबद्दल काही कबूल करू नका. लोकांना वाटतं घरी ठेवलेल्या नर्सचे पैसे मिळतात. पॉलिसीत डोमिसिलरी हॉस्पिटलायझेशन असतं, ते म्हणजे हॉस्पिटलमध्ये ठेवायची गरज असताना पेशंट हलवण्यासारखा नाही किंवा बेड मिळाला नाही म्हणून तीन दिवसांपेक्षा जास्त घरी केलेला उपचार. बारा तासांची केअरटेकर त्यात बसत नाही. पॉलिसी त्यांच्या एजंटला दाखवायला सांगा, पावत्या मात्र नीट द्या.

हॉस्पिटलमधून पेशंट मिळवायला कोणी कट मागेल. देऊ नका. त्यापेक्षा डॉक्टरांना आठवड्याला एक पानाचा रिपोर्ट पाठवा, दोन महिन्यांत ते स्वतःहून नाव सांगायला लागतात.

पुढे स्वतःचं काही काढायचं असेल तर थोडक्यात सांगते. शॉप ॲक्टमध्ये वीसपेक्षा कमी माणसं असतील तर ऑनलाईन सूचना द्यायची, वीस किंवा जास्त असतील तर नोंदणी. उद्यम नोंदणी सरकारी साईटवर पूर्ण फुकट आहे, पैसे मागणाऱ्या साईट सरकारी नाहीत. आरोग्य सेवेला जीएसटीत सूट आहे पण नुसती माणसं पुरवणं वेगळं धरलं जाऊ शकतं आणि २० लाखांच्या वर उलाढाल गेली की प्रश्न उभा राहतो, म्हणून पहिल्या महिन्यातच सीए गाठा. प्रोफेशनल इंडेम्निटी इन्शुरन्स (कामातल्या चुकीवरून कोणी भरपाई मागितली तर कामी येणारा) काढा, आधीच काढा.

९. शिक्षण

जीएनएम असाल तर पोस्ट बेसिक बीएस्सी करून ठेवा, पुढे क्लिनिकल हेडसाठी विचारतात. आरोग्य विद्यापीठ म्हसरूळला आणि मुक्त विद्यापीठ गंगापूर धरणाकडे, दोन्ही आपल्याच गावात, तिथले चालू कोर्स बघून या. पण खरं सांगू, सुरुवातीला एक्सेल येणं एमबीएपेक्षा जास्त कामाला येतं. रोस्टर, औषधांचा स्टॉक, कोणत्या पेशंटला बेडसोर झाला, कोण पडलं, महिन्यात किती जण परत ॲडमिट झाले, एवढं जरी एका शीटमध्ये ठेवलंत तरी मीटिंगमध्ये तुमचं ऐकतात. इंग्रजीची भीती असेल तर रोज एक असेसमेंट रिपोर्ट इंग्रजीत लिहून बघा, होऊन जातं.

१०. मुलाखत आणि जॉईनिंग

हे प्रश्न लिहूनच न्या:

- माझ्याकडे किती पेशंट आणि किती स्टाफ असेल?
- रात्रीचा ऑन-कॉल आठवड्यातून किती दिवस, बाकीचे दिवस कोण बघतं?
- केस नाकारायचा अधिकार मला आहे का?
- पेट्रोल, फोन, गाडीचा इन्शुरन्स?
- बदली ड्युटी करावी लागली तर वेगळे पैसे?
- मेडिकल डायरेक्टर कोण, फोन उचलतात का?

तिसरा प्रश्न विचारल्यावर समोरच्याचा चेहरा बघा, बाकी काही विचारायची गरज पडत नाही. पगाराचं बोलताना हॉस्पिटलमधला हातात येणारा पगार आणि पीएफ, नाईट अलाऊन्स, कॅन्टीन, क्वार्टर, सगळं जोडून तुलना करा, नुसता आकडा मोठा दिसतो आणि पेट्रोलमध्ये निम्मा फरक जातो.

ऑफर लेटर हातात येईपर्यंत हॉस्पिटलचा राजीनामा देऊ नका. “या सोमवारपासून, लेटर नंतर देतो” असं म्हणणाऱ्यांना सोमवारनंतरचा सोमवार सांगा. राजीनामा दिलात की नोटीस पिरियड पूर्ण करा, रिलीव्हिंग लेटर आणि अनुभव पत्र घेऊनच गेटबाहेर पडा, आणि कौन्सिलचं रिन्यूअल त्या वर्षात येत असेल तर ते हॉस्पिटलमध्ये असतानाच उरकून घ्या, नवीन नोकरीच्या पहिल्या सहा महिन्यांत असल्या कामांसाठी सुट्टी मिळत नाही.